बिनइंधनाची वीज: आधी बातमी, मग मोजणी

पोळ्याचा चेकनाका ओलांडला की कारवार, आणि तिथून आत काळी नदीच्या काठी कैगा. त्या अणुवीज प्रकल्पाची धुरा सांभाळलेले अभियंते परमहंस तिवारी यांचा दावा होता की रिकाम्या अवकाशातूनच वीज काढता येते, आणि घातलेल्या शक्तीपेक्षा जास्त शक्ती देणारं जनित्र आपण बनवलं आहे. गोव्याला लागणारी बहुतेक वीज बाहेरून येते. असलं काही छापून आलं की इथला वाचक थबकणारच. त्यात सांगणारा भोंदू नव्हे, अणुवीज खात्यातला मोठा अधिकारी.

असे दावे जुनेच. अमेरिकेत जॉन कीलीने १८७२पासून ‘ईथर’च्या (तेव्हा अवकाशभर पसरलेलं मानलेलं अदृश्य द्रव्य) शक्तीवर चालणाऱ्या यंत्रासाठी भांडवल गोळा केलं, १८९८मध्ये तो वारल्यावर त्याच्या प्रयोगशाळेच्या तळघरात दाबलेल्या हवेची लोखंडी टाकी सापडली.

पण या विषयाला आजचं वळण लागलं ते २३ मार्च १९८९ला. युटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन या रसायनशास्त्रज्ञांनी शोधनिबंध छापून येण्याआधीच पत्रकार परिषद घेतली: जड पाण्यात (जड हायड्रोजनच्या पाण्यात) पॅलेडियम धातूची कांडी बुडवून, वीज सोडून, साध्या तापमानाला अणुसंमीलन, म्हणजे सूर्यात चालतं तसं अणुकेंद्रकांचं जुळणं, घडवलं! जगभर मथळे झळकले. भौतिकशास्त्रज्ञांचा प्रश्न मात्र सरळ होता. एवढी उष्णता खरोखरच संमीलनातून येत असेल, तर त्यातून निघणाऱ्या न्यूट्रॉन कणांच्या घातक माऱ्यात प्रयोग करणारे जिवंत कसे राहिले? मे महिन्यात बाल्टिमोरच्या परिषदेत कॅलटेक या अमेरिकी संस्थेच्या संशोधकांनी दाव्याची चिरफाड केली. नोव्हेंबरात अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीनेही पुरावा पटण्याजोगा नसल्याचं सांगितलं. तरी तज्ज्ञ म्हणजे सगळे एका बाजूला, असं चित्र रंगवणं खोटं ठरेल. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अणुशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार यांच्या गटाला न्यूट्रॉन आणि ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन), म्हणजे संमीलनाच्या खुणा, मिळाल्याचे अहवाल त्याच वर्षी निघाले होते. पुढे गुगलच्या पैशावर अनेक प्रयोगशाळांनी नव्याने तपासलं, त्याचा निष्कर्ष २०१९मध्ये छापून आला. हाती काही लागलं नाही.

१९९६मध्ये तामिळनाडूच्या रामर पिल्लैने झाडपाल्यातून पेट्रोल काढून दाखवलं, तेव्हा सरकारी विज्ञान खात्यालाही क्षणभर भुरळ पडली. मद्रास आयआयटीतल्या तपासणीत ते टिकलं नाही, तरी पुढे ‘रामर पेट्रोल’ विकलं गेलंच. सीबीआयच्या म्हणण्यानुसार त्यात टोल्यूइन आणि नाफ्था ही साधी खनिज तेलापासूनची रसायनं होती. २०१६मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने तीन वर्षांची सजा सुनावली. पहिल्या बातमीनंतर वीस वर्षांनी!

तिवारींना या पंक्तीत बसवणं अन्यायाचं होईल. फसवणूक वेगळी, मोजणीतली चूक वेगळी. एसी विजेत व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट नव्हेत, पॉवर फॅक्टर (त्यातली प्रत्यक्ष कामी येणारी शक्ती किती, हे सांगणारा आकडा) धरावा लागतो, आणि तिथे चुकलं तर साधं जनित्रही जादूचं दिसतं. म्हणून अशा यंत्रांपुढे तज्ज्ञ एकच जुनी मागणी ठेवतात: जनित्राची वीज ते फिरवणाऱ्या मोटरीलाच जोडा, आणि भिंतीतला प्लग काढा. खरंच जास्त वीज मिळत असेल तर यंत्र चालत राहील.