मोहाची घेतली की चढाईत जोर येतो?

गडचिरोली-चंद्रपूरकडे हिवाळ्यात रात्रीचे कबड्डी सामने रंगले की हमखास कानावर येतं, "दोन घोट मोहाची मार, थंडी पळते, चढाईत जोर येतो." होतं नेमकं उलट. मोहफुलांच्या या दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून अंग गरम वाटतं. प्रत्यक्षात आतली ऊब बाहेर निघून जाते. दारूतली ऊर्जा स्नायूंना थेट वापरता येत नाही. तिची विल्हेवाट लावण्यात यकृत गुंततं आणि रक्तात साखर सोडायचं त्याचं काम मागं पडतं. वर लघवी वाढते, तोल जातो. बोनस रेषेवर पाय टाकताना घोटा मुरगळायला एवढं पुरे. वाढतं ते फक्त धाडस, आणि तेच पकडीत नेऊन घालतं.

याच समजाचं जास्त विखारी रूप म्हणजे, "आदिवासी पोरं ती, पिणं रक्तातच असतं त्यांच्या." गोंड-माडियांच्या पूजेत मोहाची असते, खरं आहे. पण म्हणून अख्खा समाज व्यसनी ठरवून पोरांना संघाबाहेर ठेवायचं? गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांनी आंदोलन करून मागितली म्हणून, आणि मागणाऱ्यांत आदिवासी गावंही होती. बंदी असताना बाहेरून पेट्या आणून विकणाऱ्यांच्या रक्तात काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.