पार्श्वभूमी : निकालाआधीच ठरणारे प्रवेश

कोकण विभागीय मंडळ दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पहिलं आलं, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं हे मंडळ २०१२ पासून परीक्षा घेतंय आणि पहिला नंबर जवळपास ठरलेलाच. २०२५ मध्ये बारावीचा निकाल होता ९६.७४ टक्के आणि दहावीचा ९८.८२. पेढे वाटून झाले की घरात विषय निघतो, आता आयआयटीचा, दिल्लीचा किंवा बाहेरच्या विद्यापीठाचा फॉर्म कधी भरायचा? तोवर यातल्या बहुतेकांची मुदत संपून काही महिने उलटलेले असतात. पालक निष्काळजी असतात असं नाही. आधी निकाल, मग अर्ज ही सवय चार पिढ्यांची आहे आणि एके काळी ती बरोबरही होती.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. त्या काळात निवड म्हणजे मॅट्रिक. ती पास झाला तो कॉलेजात गेला. जागांसाठी चढाओढ नव्हती, चढाओढ होती ती पास होण्यासाठी. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांतले रा. गो. भांडारकर मालवणचे, रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले. परीक्षेच्या ठिकाणी पोहोचणं हीच तेव्हा अर्धी परीक्षा असायची. मुरुडचे धोंडो केशव कर्वे सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी भर पावसात घाट चढून साताऱ्याला चालत गेले. तिथल्या समितीनं वय कमी दिसतं म्हणून त्यांना परत पाठवलं. पुढच्या वर्षी ते कोल्हापूरला जाऊन पास झाले. कागदावरून किंवा वयावरून अडणं हे तेव्हापासूनचं.

परदेशी शिक्षणाची कोकणातली परंपराही जुनी आहे, पण ती पदवीनंतरची. दापोलीजवळच्या मुर्डीचे र. पु. परांजपे मुंबईची पदवी घेऊन सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आले. आंबडव्याशी नातं सांगणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तेही बी.ए. झाल्यावर. बारावीत असतानाच परदेशी पदवीसाठी अर्ज करायचा, ही गोष्ट आपल्या शाळांना अगदी अलीकडची आहे. गावच्या मुख्याध्यापकांना त्याचा अनुभव नसतो, यात नवल नाही.

रत्नागिरीत महाविद्यालय आलं ते १९४५ मध्ये. त्याआधी पुढं शिकायचं तर मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा सांगली. १९७५च्या सुमारास राज्यात दहा अधिक दोनची रचना आली आणि बारावीच्या गुणांना आजवर नव्हतं एवढं वजन आलं. मेडिकल-इंजिनिअरिंगला जायचं तर ‘ग्रुपला (म्हणजे विज्ञानाच्या ठरावीक विषयांना मिळून) किती पडले?’ एवढाच प्रश्न. निकाल, मग गुणवत्ता यादी, मग फॉर्म. घराघरातली सवय घट्ट झाली ती याच पंचवीसेक वर्षांत.

आयआयटींची वाट मात्र पहिल्यापासून निराळी होती. पवई १९५८ मध्ये सुरू झाली आणि साठच्या दशकापासून सगळ्या आयआयटींची सामायिक प्रवेश परीक्षा होऊ लागली. तिथं बोर्डाच्या टक्क्यांवर क्रमांक लागत नसे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राज्याची प्रवेश परीक्षा सीईटी आली, २००२ मध्ये देशपातळीवरची इंजिनिअरिंगची एआयईईई. २०१३ मध्ये तिच्या जागी जेईई मेन सुरू झाली तेव्हा तिच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतं. २०१७ मध्ये ते काढून टाकलं. २०१६-१७ मध्ये मेडिकलला नीट ही देशभराची एकच परीक्षा अटळ झाली. दिल्ली विद्यापीठात २०२१ पर्यंत बोर्डाच्या टक्क्यांवर कटऑफ लागायचे, काही ठिकाणी थेट १०० टक्क्यांवर. २०२२ मध्ये केंद्रीय विद्यापीठांची सामायिक परीक्षा सीयूईटी आली आणि तेही संपलं. थोडक्यात, दहा वर्षांत बारावीचे गुण हे मोजमाप राहिले नाहीत, नुसता उंबरठा झाले. आयआयटीसाठी आजही बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. त्याच्या वर मिळालेला एकेक टक्का प्रवेशाच्या क्रमात कुठंच मोजला जात नाही.

जेईई मेनची दोन सत्रं असतात, जानेवारी आणि एप्रिल. जानेवारीचा फॉर्म दिवाळीच्या आगेमागे निघतो, म्हणजे बारावीची सहामाही होते न होते तोच. त्यातून वरचे अडीच लाख जेईई ॲडव्हान्स्डला, म्हणजे आयआयटीच्या खऱ्या परीक्षेला, बसू शकतात, तेही लागोपाठच्या दोन वर्षांत जास्तीत जास्त दोनदा. २०२५ मध्ये ॲडव्हान्स्डचे दोन्ही पेपर १,८०,४२२ जणांनी दिले आणि ५४,३७८ पात्र ठरले. मराठी माध्यमातल्या मुलांनी आणखी एक गोष्ट अकरावीतच लक्षात घ्यावी. मेन मराठीतून देता येते, ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीतून. मेन मराठीत देऊन मे महिन्यात एकदम इंग्रजी प्रश्नपत्रिका हाती आली, की येणारा प्रश्नही वाचण्यात वेळ जातो.

कोकणात सगळ्यात जास्त फटका बसतो तो दाखल्यांचा. कुणबी, भंडारी अशा ओबीसी घरांत राज्याचं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र असतं आणि त्याची मुदतही शिल्लक असते, म्हणून सगळे निर्धास्त. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला हे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं आणि त्याच वर्षी १ एप्रिलनंतर दिलेलं लागतं. सेतू केंद्रात नुसतं ‘नॉन-क्रिमीलेअर’ म्हणून अर्ज टाकला की राज्याचा नमुना हातात पडतो. ‘केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांसाठी’ हे सांगावंच लागतं. एप्रिल-मेमध्ये प्रांत कार्यालयात गर्दी असते, त्यात साहेब निवडणुकीच्या किंवा दुसऱ्या कामात अडकले तर तीन आठवडे सहज जातात. वेळेत कागद नाही आला, तर मुलगा खुल्या गटात मोजला जातो. मराठा समाजाचं राज्याच्या आरक्षणाचं एसईबीसी प्रमाणपत्रही केंद्रीय संस्थांत चालत नाही. तिथं पात्र असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र काढायचं.

नावाचंही तसंच. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठं वडिलांच्या नावापुढं ‘राव’ लागलेलं, कुठं नाही. दहावीची गुणपत्रिका धरायची आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचं. हे काम दहावीच्या सुट्टीत झालेलं बरं.

परदेशी अर्जाचा इतिहास वेगळाच आहे आणि तो कळला की फॉर्ममधल्या विचित्र वाटणाऱ्या रकान्यांचा अर्थ लागतो. अमेरिकेतही आधी लेखी परीक्षेवरच प्रवेश मिळायचा. १९००च्या आसपास कॉलेज बोर्ड या तिथल्या संस्थेनं सामायिक परीक्षा सुरू केली. त्या परीक्षेतून ज्यू विद्यार्थी मोठ्या संख्येनं येऊ लागले, तसे हार्वर्डसारख्या संस्थांचे चालक अस्वस्थ झाले. १९२२ मध्ये हार्वर्डच्या अध्यक्षांनी उघड कोट्याचाच प्रस्ताव मांडला होता. तो मान्य झाला नाही, पण त्या दशकात अर्जात फोटो, शिफारसपत्रं, ‘चारित्र्य’, घरची माहिती हे सगळं शिरलं. आज ज्याचं सर्वांगीण मूल्यमापन म्हणून कौतुक होतं, त्याचं मूळ एवढं साळसूद नाही. पुढं त्याच रकान्यांचा उपयोग खेड्यातली, गरीब घरातली मुलं शोधायलाही झाला, हेही खरं. कॉलेज बोर्डाची प्रवेश परीक्षा एसएटी पहिल्यांदा झाली ती २३ जून १९२६ रोजी आणि १५ महाविद्यालयांनी एकत्र येऊन कॉमन ॲप, म्हणजे सगळ्यांना चालणारा एकच अर्ज, काढला तो १९७५ मध्ये.

एसएटी आता लॅपटॉपवर होते. ९८ प्रश्न, २ तास १४ मिनिटं, गुण ४०० ते १६००. गणित आपल्या दहावी-अकरावीच्या आसपासचं असल्यामुळे विज्ञान शाखेचं मूल तिथं अडत नाही, अडतं ते इंग्रजी वाचनात. प्रत्येक विषयाचे दोन भाग असतात आणि पहिल्या भागात चुका झाल्या तर दुसरा सोपा येतो, पण मग गुणांची कमाल मर्यादाही खाली येते. चुकीला गुण कापले जात नाहीत. जेईईच्या सवयीनं शंका असलेला प्रश्न सोडून देणारी मुलं इथं फुकट गुण घालवतात. केंद्रासाठी बहुधा मुंबई-पुण्याकडे बघावं लागतं आणि तिथल्या जागा लवकर भरतात.

अमेरिकी महाविद्यालयांत लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. बारावीचा निकाल तेव्हा अस्तित्वातच नसतो, म्हणून नववी, दहावी, अकरावीचे गुण आणि बारावीचे अपेक्षित गुण पाहिले जातात. आपल्याकडे अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष. कॉलेजही पेपर ढिलेपणानं तपासतं, क्लासवाले तर हजेरीपुरतंच जा म्हणतात. ती अकरावी इथं नेमकी आडवी येते. त्यात नववी-दहावी गावच्या हायस्कुलात आणि अकरावी-बारावी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात झालेली असते. दोन संस्थांकडून इंग्रजीत, सही-शिक्क्याची गुणपत्रकं काढायची असतात. नववीचं गुणपत्रक शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये शोधावं लागतं, त्याला ऑगस्टमध्येच हात घालावा. अर्जासोबत शाळेच्या समुपदेशकाचं पत्र लागतं, ते प्राचार्यांनी दिलं तरी चालतं. त्यांचा ईमेल मात्र रोज उघडला जाणारा हवा, कारण पत्र पाठवायचा दुवा तिथंच येतो.

कॉमन ॲपचा निबंध ६५० शब्दांपर्यंत असतो. उपक्रमांच्या यादीत दहा नोंदी आणि प्रत्येकीला १५० अक्षरं. आपली मुलं इथं वक्तृत्व स्पर्धेची प्रमाणपत्रं भरतात आणि खरं ते गाळतात. आंब्याच्या हंगामात बागेत केलेली राखण आणि पेट्या भरणं, मासळीचा हिशोब, धाकट्या भावंडांचा सांभाळ, नमनात किंवा दशावतारात केलेलं काम, हे सगळं नोंदवता येतं. घरच्या जबाबदाऱ्यांना तर वेगळा प्रकारच दिलेला आहे. आठवड्याला किती तास आणि वर्षातून किती आठवडे हे खरं लिहायचं. हंगामातले आठ आठवडे असतील तर आठच.

इंग्लंडसाठी यूकास या तिथल्या सामायिक अर्जव्यवस्थेवर पाच पर्याय भरता येतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर आणि दोन्हींपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. राज्य मंडळाची बारावी कुठं धरतात, कुठं नाही, हे त्या-त्या विद्यापीठाच्या पानावर आधी पाहावं. फी भरण्याआधी.

पैशाचं गणित सगळ्यात अवघड. राज्य सरकारची अनुसूचित जातींसाठीची परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, पदवीसाठी नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ इथं परदेशी विद्यार्थ्यानं मदत मागितली म्हणून निवडीत फरक पडत नाही, बऱ्याच इतर ठिकाणी पडतो. मदतीचा अर्ज उत्पन्न आणि मालमत्ता दोन्ही विचारतो. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा यांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. कोकणात सातबारा बहुधा सामाईक, त्यावर आजोबांच्या भावांपासून मुंबईच्या चुलत्यांपर्यंत पंधरा-वीस नावं. सगळी जमीन वडिलांची म्हणून भरली गेली, तर कागदावर घर श्रीमंत दिसतं आणि मदत कापली जाते. वाटणी झालेली नसेल तर वडिलांचा हिस्सा किती, कलमं किती आणि त्यातून गेल्या वर्षी हातात किती आले, याचं अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण वेगळं जोडावं.