ताग-जवसाची कंपोझिट पॅनेल: ऑर्डर देण्यापूर्वी एवढं वाचाच

चौकशीसाठी येणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "हे पॅनेल मातीत पुरलं तर कुजतं ना?" आमच्या बहुतेक मालाबाबत उत्तर 'नाही' असं आहे. ऑर्डर देऊन झाल्यावर हे कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

कंपोझिट म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून बनलेला पदार्थ. त्यात भार पेलतो तो तंतू. त्याला जागच्या जागी धरून ठेवतं ते रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट पदार्थ. ताग, अंबाडी आणि जवस यांचे तंतू खोडाच्या सालीतून निघतात, घायपाताचे पानातून, तर काथ्या नारळाच्या सोडणातून. वनस्पती म्हणून ही सगळी एकाच माळेत बसवली जातात, पण कामात त्यांच्यात मोठा फरक आहे. जवसाच्या तंतूत सेल्युलोजचे (वनस्पतीच्या पेशीभित्तीतल्या मुख्य पदार्थाचे) सूक्ष्म धागे लांबीला जवळजवळ समांतर असतात, म्हणून चांगल्या प्रतीचं जवस ताठपणात काचतंतूच्या जवळ पोचतं. काथ्यात हेच धागे बरेच तिरके असतात आणि लिग्निनही (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) भरपूर. त्यामुळे तो ताणला जातो, पण ताठ राहत नाही. धक्का शोषायला काथ्या उत्तम. टेबलाच्या फळीसाठी तो मागू नका.

वजनाचा फायदा मात्र खरा आहे. काचतंतूची घनता साधारण 2.5 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तर ताग-जवसाची 1.5 च्या आसपास. त्यामुळे तेवढ्याच वजनात पॅनेल जाड करता येतं, आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय हे पॅनेल कंपनं चांगली जिरवतं, म्हणून स्पीकरच्या पेट्या आणि गाडीच्या दाराची आतली आवरणं यांना ते शोभतं. जोराचा आघात सोसण्यात किंवा निव्वळ ताणाच्या ताकदीत काचतंतूच सरस. जिथे माणसाचा जीव त्या भागावर अवलंबून असतो, उदाहरणार्थ शिडी किंवा हेल्मेट, तिथे आम्ही हा माल देत नाही.

आता रेझिन. पर्यावरणाचा खरा हिशेब इथे ठरतो, आणि माहितीपत्रकांमध्ये नेमकं याच ठिकाणी मौन असतं. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट मोटारीचे बाहेरचे पॅनेल 1957 पासून कापसाच्या टाकाऊ तंतूंचे होते, पण ते बांधले होते फिनॉलिक रेझिनने, म्हणजे एकदा घट्ट झालं की पुन्हा न वितळणाऱ्या रेझिनने. गाड्या भंगारात निघाल्या तेव्हा ते पॅनेल ना वितळवता आले, ना कुजवता. तंतू वनस्पतीचा असला म्हणून सगळा पदार्थ निसर्गात परत जात नाही.

वनस्पतीजन्य रेझिनचे प्रकार बरेच आहेत. जवस किंवा सोयाबीनच्या तेलावर प्रक्रिया करून इपॉक्सी बनतं; काजूच्या टरफलातल्या तेलातून कार्डानॉल हा रेझिनचा कच्चा माल मिळतो; उसाच्या चिपाडापासून आणि मक्याच्या बुरकुंडांपासून फ्युरान रेझिन तयार होतं. ही सगळी एकदा घट्ट झाली की रेणूंचं जाळं कायमचं विणलं जातं. ती वितळत नाहीत, आणि लवकर कुजतही नाहीत. त्यांचा फायदा वेगळा आहे: त्यातला कार्बन जमिनीखालच्या तेलातून न येता शेतातून येतो. तो किती, हे मोजताही येतं. खनिज तेलात कार्बन-14 (कार्बनचा काळानुसार नाहीसा होणारा किरणोत्सारी प्रकार) उरलेला नसतो, पिकात असतो. त्या फरकावरून प्रयोगशाळा टक्केवारी काढते. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं छापलेलं दिसलं की आम्ही आधी हार्डनरची, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या रसायनाची, चौकशी करतो. रेझिन वनस्पतीचं आणि हार्डनर खनिज तेलाचा, हा प्रकार सर्रास चालतो. आमच्याकडून माल घेतानाही तीच टक्केवारी मागा, आणि ती रेझिन आणि हार्डनर दोन्ही मिळून असू द्या.

कुजणारंच हवं असेल तर पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) हे प्लास्टिक रेझिन म्हणून घ्या. ते पिकातल्या साखरेपासून बनतं आणि उष्णतेने पुन्हा वितळतं. मात्र त्याला औद्योगिक कंपोस्टची, म्हणजे 60 अंश सेल्सियसच्या आसपासची, ऊब लागते; घरच्या खतखड्ड्यात ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. आणि तेवढ्याच तापमानाला ते मऊही पडू लागतं, म्हणून उन्हात उभ्या गाडीत त्याची वस्तू ठेवू नका.

या मालाचा मोठा शत्रू पाणी. हवेची आर्द्रता 65 टक्के असताना ताग स्वतःच्या कोरड्या वजनाच्या बारा-तेरा टक्के ओलावा धरून ठेवतो. काच जवळजवळ काहीच धरत नाही. ओला तंतू फुगतो, कोरडा होताना आकसतो, आणि हे वारंवार झालं की रेझिनची पकड सुटते. मग बुरशी. म्हणून आम्ही तंतू अल्कलीत धुऊन घेतो, म्हणजे वरचा मेणचट थर जातो आणि रेझिन नीट चिकटतं. रेझिन भरण्याआधी तंतू भट्टीत सुकवतो. एवढं करूनही पाण्याची टाकी, होडीचा तळ किंवा उघडं छप्पर यांसाठी आमचं पॅनेल नको. आगीजवळही नको: सुमारे 200 अंशांपुढे सेल्युलोज विघटित होऊ लागतं आणि तंतू पेट घेतो. अग्निरोधक मिसळलेला माल हवा असेल तर तसं आधी कळवा, नंतर तो मिसळता येत नाही.

चौकशी करताना मापांसोबत तीन गोष्टी लिहा: वस्तू आत राहणार की बाहेर, जास्तीत जास्त तापमान किती, आणि भार सतत असेल की अधूनमधून. सतत भाराखाली हा माल हळूहळू वाकतो, म्हणून त्यासाठी जाडी वेगळी धरावी लागते.

रंगात प्रत्येक लॉटला थोडा फरक येतो. पीक आहे, ते एकसारखं येणार नाही. एकाच कामाचा सगळा माल एकदम मागवा.

कापताना पातं धारदार ठेवा, बोथट पात्याने कडेला लव सुटते. काचतंतूच्या भुशाने येते तशी खाज इथे येत नाही, तरीही मास्क लावाच. कापलेली कड आणि स्क्रूची भोकं त्याच दिवशी रेझिनने किंवा वॉर्निशने बंद करा, कारण ओलावा पॅनेलच्या तोंडापेक्षा उघड्या कडेतून कितीतरी लवकर आत शिरतो.