शिंपल्यांवर उभे राहिलेले गाव

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, पटक्सेंट नदी चेसापीक उपसागराला मिळते तेथे बेटावर वसलेले सॉलोमन्स नावाचे छोटे गाव आहे. जे. सी. लोर कुटुंबाने १८८८ मध्ये सुरू केलेला कालवांचा कारखाना ऑगस्ट १९३३ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाला. त्याच कारखान्यासाठी नव्याने बांधलेली, पाण्यालगतची आजची इमारत १९३४ ची आहे.

येथे कालवे हातानेच फोडली जात. कालवाची दोन शकले एका बळकट स्नायूने घट्ट मिटलेली असतात आणि तो सुरीने कापला की शिंपला उघडतो. काढलेला गर थंड पाण्यात धुतला जाई. मात्र गोड्या पाण्यात तो फार वेळ राहिला, तर परासरणाने, म्हणजे खाऱ्या पेशींकडे पाणी ओढले गेल्याने, फुगतो आणि मापात अधिक भरतो. दुधात पाणी घालण्याचाच हा प्रकार असल्याने धुण्याच्या वेळेवर कायद्याने मर्यादा घातली आहे.

खरी मेख गरात नव्हती, शिंपल्यात होती. कालवाचा डिंभ, म्हणजे अंड्यातून बाहेर पडलेले सूक्ष्म पिल्लू, दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतो आणि मग कठीण पृष्ठभागाला कायमचा चिकटतो. कोकणात त्याला खडक मिळतो. चेसापीकचा तळ मात्र बहुतांशी चिखलाचा, त्यामुळे तेथे जुन्या कालवांचे शिंपले हाच आधार. १८८० च्या दशकात मेरीलँडमध्ये एकेका हंगामात सुमारे दीड कोटी बुशेल (टोपलीभराचे एक अमेरिकी माप) कालवे उपसली गेली, आणि कित्येक शिंपले नदीत परतण्याऐवजी रस्त्यांखाली व भरावात गेले. सॉलोमन्स बेट मुख्यभूमीला जोडणारा रस्ताही अशाच भरावावर उभा राहिला.

पुढे १९५९ मध्ये उपसागरात कालवांचा एक घातक परजीवी आढळला. तो अधिक खाऱ्या पाण्यात फोफावतो. पण पाणी फार गोडे झाले तरी कालवे मरतात, हे १९७२ च्या ॲग्नेस वादळाच्या पुराने दाखवून दिले. १९७८ मध्ये लोर कारखाना बंद पडला. २००१ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरलेली ही इमारत आता कॅल्व्हर्ट सागरी संग्रहालयाकडे आहे.

आज मेरीलँडमध्ये हॉटेलांतून रिकामे शिंपले गोळा करून धुतले जातात आणि प्रयोगशाळेत वाढवलेले डिंभ त्यांवर बसवून ते पुन्हा उपसागराच्या तळाशी सोडले जातात.