ब्रायर पाइप

भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीतून कातलेला, तंबाखू ओढण्याचा पाइप. ‘ब्रायर’ हे ‘ब्रुयेर’ या फ्रेंच शब्दाचे इंग्रजी रूप. काटेरी रानगुलाबाशी त्याचा संबंध नाही. मातीचे पाइप हातातून पडले की फुटत, साधी लाकडे आतून जळत. ही गाठ घट्ट असते, सहजी पेट घेत नाही आणि धुरातली ओल शोषते.

या कामाचे माहेर म्हणजे फ्रान्सच्या जुरा पर्वतातले साँ-क्लोद हे गाव. संताच्या समाधीला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी तिथले कातारी जपमाळा, डब्या करत. डोंगरी नद्यांच्या पाण्यावर त्यांचे लेथ फिरत. 1850च्या दशकात ब्रायर आले तेव्हा हात आणि यंत्रे दोन्ही तयार होती. इथल्याच, पाइप करणाऱ्या कोमॉय घराण्यातले आंरी कोमॉय 1879 मध्ये लंडनला गेले, त्यामुळे ‘अस्सल इंग्रजी’ म्हणवणाऱ्या पाइपांच्या घडणीतही जुराचा हात आहे.

पाइप चांगला की वाईट हे बरेचसे लेथवर चढण्याआधीच ठरते. कोर्सिका बेट, इटलीतले कालाब्रिया अशा भागांतून खणलेल्या गाठी कापेपर्यंत ओल्याच ठेवतात. उन्हात राहिल्या तर तडकतात. करवत्या भेगा आणि सडका भाग चुकवत ठोकळे काढतो. ते तांब्याच्या कढईत बारा तास किंवा जास्त उकळून रस व टॅनिन (लाकडातले तुरट द्रव्य) काढतात, मग सावलीत महिनोन्‌महिने वाळवतात. उकळणे अपुरे राहिले, तर धूर कडवट लागतो. (धूर गोड लागला म्हणून तोंडाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही.)

वाटीचे, म्हणजे तंबाखू भरायच्या जागेचे भोक साधारण 18 ते 20 मिमी, दांडीतून जाणारे धुराचे 3.5 ते 4 मिमी. धुराचे भोक वाटीच्या अगदी तळाशी निघाले पाहिजे. वर निघाले तर खाली ओला, न जळलेला तंबाखू साचतो. मुखनळीचा (तोंडात धरायच्या नळीचा) कुसू, म्हणजे दांडीत बसणारे टोक, दांडीतल्या भोकाच्या तळाला जवळजवळ टेकले नाही, तर त्या पोकळीत पाणी धरून पाइप गुडगुडतो.

कातताना लाकडातले बारीक खड्डे उघडे पडतात, आणि ते आधी ओळखता येत नाहीत. लहान खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरतात. खड्डे फार असले तर वाळूच्या झोताने पृष्ठभाग खरबरीत करतात. लंडनच्या डनहिल या पाइप कंपनीने 1917 मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. लाकडात उभ्या सरळ रेषा असलेला निर्दोष नग क्वचित निघतो, म्हणून महाग.

वापरताना वाटीत काजळीचा थर 1 ते 1.5 मिमी राहू द्यावा. त्याहून जाड थर तापून फुगतो आणि वाटीला तडा देतो. पाइप गरम असताना मुखनळी उपसू नये, दांडी चिरते. एबोनाइटची (कडक रबराची) मुखनळी उन्हात हिरवट-तपकिरी पडते, कारण त्या रबरात गंधक असते. बारीक पॉलिश पेपरने ती पुन्हा काळी होते. मात्र नळीवरच्या, पाइप करणाऱ्याच्या शिक्क्याजवळ घासताना शिक्काच पुसला जातो.