खुलासा: ट्रकचालक कंत्राटी असला की कंपनी सुटते का?

अमेरिकेत ट्रकने धडक दिली की जखमीच्या कानावर हमखास एक वाक्य येतं: ‘चालक आमचा नोकर नाही, कंत्राटी आहे. कंपनीवर दावा चालणार नाही.’ हे वाक्य ऐकून माणसं दाव्याचा नाद सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ते बरोबर नाही.

आंतरराज्य मालवाहतुकीच्या केंद्रीय सुरक्षा नियमांत ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येतच ट्रक चालवत असलेला कंत्राटी चालकही येतो. ट्रक भाड्याने घेतला असेल, तर कराराच्या मुदतीत त्याचा ताबा आणि जबाबदारी कंपनीने स्वीकारावी लागते. अंतिम निकाल पुराव्यावर आणि त्या-त्या राज्याच्या कायद्यावर ठरतो, हे खरं. पण दार आधीच बंद नसतं.

केबिनच्या दारावर पाहा. कंपनीचं नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही बाजूंना, 50 फुटांवरून वाचता येईल असा लिहिणं सक्तीचं आहे. त्याचा फोटो आधी काढा. चालकाच्या कामाच्या तासांच्या नोंदी कंपनीने 6 महिनेच जपायच्या असतात, म्हणून त्या राखून ठेवण्याची लेखी नोटीस वकिलाकडून लगेच पाठवा.