नवीन विश्वस्तांचं ओरिएंटेशन

सेवाभावी संस्थेच्या विश्वस्त मंडळावर किंवा कार्यकारिणीवर नव्याने आलेल्या माणसाला संस्थेची घटना, हिशेब, मालमत्ता आणि त्याच्या अंगावर येणारी जबाबदारी नीट समजावून सांगायची पद्धत.

ही पद्धत आली कुठून यावर दोन मतं आहेत. सेवाग्राम जवळच असल्याने विदर्भात बरेच जण ती गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेशी जोडतात, पण ती कल्पना मुळात संपत्तीच्या मालकीबद्दल आहे, नवीन सदस्याला तयार करण्याबद्दल नाही. दुसरं मत कंपनी जगताकडे बोट दाखवतं. अमेरिकेत १९८८ मध्ये फक्त सेवाभावी संस्थांच्या मंडळांसाठी एक राष्ट्रीय केंद्र निघालं (आजचं बोर्डसोर्स), आणि आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात स्वतंत्र संचालकांच्या इंडक्शनचा (म्हणजे सुरुवातीला कामाची ओळख करून देण्याचा) उल्लेख आला. हे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. सार्वजनिक न्यासांवर मात्र अशी सक्ती नाही, सगळं संस्थेच्या मर्जीवर.

नागपुरात कागदांचा गुंता जरा जास्त आहे. मातृ सेवा संघ (१९२१), विदर्भ साहित्य संघ (१९२३) अशा इथल्या जुन्या संस्था न्यास कायद्याच्याही आधीच्या. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता त्यामुळे १९५० चा मुंबई सार्वजनिक न्यास कायदा (२०१२ पासून नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र) इथे उशिरा, साधारण १९६०-६१ च्या सुमारास लागू झाला. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली सोसायटी महाराष्ट्रात न्यास म्हणूनही नोंदवली जाते, म्हणून एकाच संस्थेचे दोन नंबर असतात. न्यासाचा नंबर एफ ने सुरू झाला तर संस्था सोसायटी, ई असेल तर निव्वळ धर्मादाय न्यास, ही साधी गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

सगळ्यात वादाचा मुद्दा चेंज रिपोर्टचा, म्हणजे विश्वस्त बदलल्याच्या अर्जाचा. न्यास कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात द्यायचा, सोबत नवीन विश्वस्ताची संमती जोडायची. मंजुरी येईपर्यंत नवीन माणूस विश्वस्त आहे की नाही? एक बाजू म्हणते नोंद झाल्याशिवाय नाही, दुसरी म्हणते घटनेप्रमाणे निवड झाली की पद मिळालं, नोंदवही फक्त त्याची दखल घेते. दुसरी बाजू अधिक सयुक्तिक वाटते, पण बँक सही बदलताना शेड्युल वनचा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा) उताराच मागते आणि तिथे गाडी अडते. २०१७ च्या दुरुस्तीने तात्पुरत्या मान्यतेची सोय झाली, त्याने हा त्रास कमी व्हायला मदत होते.

ओरिएंटेशन सुधारायचं तर स्वागताची शाल-श्रीफळ देतानाच फाईल पण हातात द्यावी आणि तीही पहिल्या बैठकीच्या आधी: घटना, शेड्युल वन, मागच्या ३ वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, ठरावांचं पुस्तक, चालू कोर्ट केसेस. मग कोषाध्यक्षांनी आणि शक्य असेल तर सीएंनी बसून एक ऑडिट रिपोर्ट ओळीने वाचून दाखवावा, कारण ऑडिटरने नियमभंगाबद्दल केलेले शेरे तिथेच असतात आणि नवा सदस्य ते पान हमखास उलटून टाकतो. स्थावर मालमत्ता विकायला कलम ३६ खाली आणि कर्ज काढायला ३६अ खाली आधी परवानगी लागते, हे माहीत नसलेला सदस्य भल्या हेतूनेही चुकीच्या ठरावावर सही करून बसतो. गैरकारभार सिद्ध झाला तर कलम ४१ड खाली विश्वस्ताला पदावरून काढता येतं. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेत २०२० नंतर पदाधिकाऱ्यांचे आधार नंबरही लागतात, ते निवड झाल्याबरोबर मागून घ्यावेत.